आईच्या बारा ओळी

माझ्या आयुष्यातला सगळ्यात महत्त्वाचा फॉर्म आईने मी शाळेत असताना भरून टाकला. मी गणिताच्या तासाला फळ्यावरचं उतरवून घेत होते आणि तिकडे रक्ततपासणीच्या लॅबच्या काउंटरवर, दोन पेशंटांच्या मधल्या वेळात, आई निळ्या पेनाने माझं भविष्य लिहीत होती. तेही सुवाच्य! आईचं अक्षर छापल्यासारखं आहे. तिने रक्ताच्या नळीवर लिहून चिकटवलेलं नाव आजवर कुणी चुकीचं वाचलेलं नाही.

तेव्हा मला राग आला नव्हता, हे आधीच कबूल करते. उलट मी घरभर नाचले होते, कारण सहा महिने आमच्या घरात या फॉर्मवरून लढाई चालू होती. मला जायचं होतं ते विद्यापीठ खासगी आहे आणि एवढंसं आहे. त्याचा नाट्यविभाग पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या बंद पडलेल्या कारखान्यात भरतो. दरवर्षी फक्त अठरा जणांना घेतात. दादा त्याला 'खोकी विद्यापीठ' म्हणतो. पण मी काही हवेत निवड केली नव्हती. माझ्याकडे वही आहे, त्यात सात ठिकाणांची माहिती आहे. मोठ्या विद्यापीठाचं नाट्यगृह मी पाहून आले होते. गालिचा असा की बूट रुततात. आणि तिसऱ्या वर्षापर्यंत रंगमंचावर पाय ठेवायला बंदी! मग दोन वर्षं काय गालिचा झाडायचा? खोकी विद्यापीठात मात्र मी एक प्रयोग पाहिला. प्रयोग संपला, टाळ्या झाल्या आणि राणीचं काम केलेली मुलगी डोक्यावर मुकुट तसाच ठेवून, जमिनीवर उकिडवी बसून वायर गुंडाळायला लागली. गुंडाळता गुंडाळता प्रधानाला ओरडली, "ए, माझी पक्कड कुणी ढापली?"

मी तिथल्या तिथे ठरवलं. मला या राणीसारखं व्हायचंय.

आई म्हणायची, "नाटक हे काय शिक्षण आहे?" हे ती सहा महिने म्हणाली. आणि मग एका संध्याकाळी भरलेला फॉर्म टेबलावर ठेवून म्हणाली, "सही कर. शनिवारी मुलाखत आणि ऑडिशन आहे." मला वाटलं, जिंकले! आनंदाच्या भरात मी वाचलंसुद्धा नाही, सही ठोकली. माझी चूक झाली तर ती एवढीच.

आता एक गोष्ट सांगावी लागेल, नाहीतर पुढचं कळायचं नाही. दोन वर्षांपूर्वीपर्यंत मी अडखळत बोलायचे. थोडंथोडकं नाही, चांगलंच. शब्द घशात येऊन बसायचा आणि हलायचा नाही. मग आई तो शब्द बोलायची. दुकानात, शाळेत, पाहुण्यांसमोर, मी तोंड उघडायचे आणि वाक्य आई संपवायची. मग स्पीच थेरपीच्या ताईंनी मला शाळेच्या नाटकात घाला असं सुचवलं, आणि तिथे काय झालं कोण जाणे, मी जी बोलायला लागले ती थांबलेच नाही. आता दादा मला 'रेडिओ' म्हणतो आणि बंद करायचं बटण शोधतो. अजूनही अडकते मी कधीकधी, जास्त करून राग आला की. पण अडकते आणि सुटते. त्यात एवढं काही नाही.

शनिवारी बाबांनी आम्हाला नेलं. बाबा लिफ्ट दुरुस्त करतात. कुठल्याही इमारतीत शिरले की आधी तिथल्या लिफ्टचा आवाज ऐकतात, माणसं नंतर. इथेही दाराशीच थांबले. "तुम्ही व्हा पुढे, हिचं दार नीट मिटत नाहीये," म्हणाले आणि लिफ्टपाशीच राहिले.

प्रवेश कचेरीत एक साहेब होते. त्यांचं सगळंच मऊ होतं. आवाज मऊ, हात मऊ, खुर्ची तर इतकी मऊ की मी बसले आणि गुडघे हनुवटीला लागले. मी त्यांना मनातल्या मनात मऊसाहेब म्हणायला लागले. त्यांच्या पुढ्यात माझा फॉर्म होता.

"काय प्रवास आहे!" ते म्हणाले. "काय प्रवास आहे हो!"

मला वाटलं, आम्ही लांबून आलो म्हणून म्हणतायत. म्हटलं, "दीड तासच लागला."

ते हसले आणि वाचायला लागले. मोठ्याने. 'अर्जदाराविषयी आणखी काही' असा एक रकाना होता, त्यात आईने बारा ओळी लिहिल्या होत्या. माझी मुलगी बोलू शकत नव्हती. चारचौघांत तिला रडू यायचं. आम्ही आशा सोडली होती. नाटकाने तिला वाचा दिली. वगैरे वगैरे. बारा ओळींत मी कुठेही नव्हते. एक आजार होता, तो बरा झाला होता.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. 'आम्ही आशा सोडली होती'? कधी? मला कुणी कळवलं नाही ते! मी तर तेव्हा जेवत होते, झोपत होते, दादाशी मारामारी करत होते.

"आई, हे काय लिहिलंयस?"

"खरं तेच लिहिलंय," आई म्हणाली आणि साहेबांकडे वळली. "साहेब, मी आधी नाहीच म्हणत होते. पण मग विचार केला, गुण आलाय तर औषध सोडायचं कशाला? बीपीची गोळी कुणी बीपी उतरलं म्हणून बंद करतं का? आणि तुमच्याकडे मुलं कमी, म्हणजे लक्षही राहील."

असं होतं तर. मी लढाईबिढाई काही जिंकलेच नव्हते. मला डोस चालू ठेवला होता.

मऊसाहेब पुढे झुकले. "ताई, असं बघा. आज ऑडिशनला नव्वद मुलं आलीयत, जागा अठरा. पण हिच्यासारख्या मुलीला त्या रांगेत उभं करायची मला गरज वाटत नाही. आपण हिला थेट घेऊ. बाळा, तू फक्त एक छोटासा व्हिडिओ करायचा. आधी कशी होतीस, आता कशी आहेस. आपल्या माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावरही तूच."

आईच्या डोळ्यांत पाणी आलं. खरंच आलं, नाटक नाही. "बघ," ती मला म्हणाली, "ऑडिशनसुद्धा नको!"

"मला ऑडिशन हवीय," मी म्हटलं.

"काय?"

"मी सहा आठवडे तयारी केलीय. आरशासमोर, बाथरूममध्ये, दादाच्या कानात. मला ऑडिशन द्यायचीय."

"जास्त शहाणपणा करू नकोस. नाही झाली निवड तर?"

"तर नाही झाली!"

"बाळा, विचार कर," साहेब म्हणाले. "नव्वदातून अठरा."

मी त्यांच्या टेबलावरचं पेन उचललं, फॉर्म माझ्याकडे ओढला आणि त्या बारा ओळींवर आडव्या रेघा मारल्या. एकेका ओळीवर एकेक. पट्टी नसताना सरळ आल्या, हे विशेष. शेजारी लिहिलं, 'अर्जदाराला वायर गुंडाळता येते' आणि खाली सही केली.

"अगं, माझं अक्षर!" आई ओरडली. ओळींतला मजकूर गेल्याचं नाही, अक्षर गेल्याचं दुःख!

ऑडिशन मागच्या मोठ्या शेडमध्ये होती. भिंतीवर अजून खोक्यांच्या मापांचे आकडे रंगवलेले आहेत. एका टेबलामागे नाट्यविभागाच्या मॅडम बसल्या होत्या. त्यांच्या बोटांवर वाळलेला फेव्हिकॉल होता आणि त्या तो सोलत होत्या. शेजारी दोन विद्यार्थी होते. त्यातली एक ती राणी! मुकुट नव्हता, पण मी ओळखलं.

"काय आणलंयस?" मॅडमनी विचारलं.

"मीच लिहिलंय. लिफ्ट कंपनीच्या तक्रार केंद्रात फोन घेणारी बाई."

"कर."

मी खुर्ची ओढून बसले, हात कानाला लावला. "नमस्कार. आपण अडकला आहात, हे ऐकून आम्हाला वाईट वाटलं. कितव्या मजल्यावर आहात? दोन मजल्यांच्या मध्ये? मग दोन्ही मजल्यांची नावं सांगा, आमच्या फॉर्ममध्ये 'मध्ये' हा पर्याय नाही." राणी फिस्सकन हसली. माझ्या अंगात वारं शिरलं. "घाबरू नका. हवा पुरते. बटणं दाबू नका. आणि मुख्य म्हणजे..."

पुढचा शब्द होता 'दार'. 'दार ओढू नका.' बाबा फोनवर लोकांना आयुष्यभर हेच सांगत आलेत.

द आला आणि बसला. हलेना. पाच महिन्यांत असं झालं नव्हतं. राग, दुसरं काय! मी जमिनीकडे पाहिलं, फरशीला एक तडा होता, तो पाहत राहिले.

"दार!" मागून आवाज आला. "दार ओढू नका!"

आई. दारात उभी होती. माझ्या मागोमाग आली होती आणि सवयीने, अगदी सवयीने, तिने माझा शब्द बोलून टाकला होता.

मॅडमनी सोलणं थांबवलं. "कोण तुम्ही?"

"मी हिची आई. तिचं ना, असं होतं कधीकधी, मग आपण नुसतं—"

"बाहेर थांबा."

"अहो, पण तिला—"

"बाहेर."

आई गेली. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं आणि काहीच केलं नाही. धीर देणारं हसल्या नाहीत. 'सावकाश हं' म्हणाल्या नाहीत. तिघंही मी काय म्हणते याची वाट पाहत बसले, जणू त्यांना पुढचा शब्द खरंच माहीत नव्हता. शेडच्या पत्र्यावर कबुतर चालत होतं, त्याची नखं ऐकू येत होती. किती वेळ गेला माहीत नाही. माझ्या आयुष्यात एवढा वेळ मला कुणी दिला नव्हता.

"दार," मी म्हटलं. "दार ओढू नका!" आणि मग जी सुटले! उरलेलं सगळं एका दमात, आवाज चढवून, खुर्चीवर हात आपटून केलं. शेवटी घाम फुटला होता.

"मध्ये काय झालं?" मॅडम म्हणाल्या.

"अडकले."

"ते कळलं. अडकलीस तेव्हा पाहत कुठे होतीस?"

"ज... जमिनीकडे."

"का? माणूस तुझ्या कानात आहे. तो घाबरलाय. तू त्याला सोडून फरशी बघत बसलीस. अडकलीस तर अडक, पण त्याच्याबरोबर अडक. तो फोनवर आहे ना अजून? आणि नंतरचा सगळा भाग वाईट झाला."

"वाईट?"

"ओरडत होतीस. का?"

"मला राग आला होता."

"तुला आला होता. त्या बाईला नव्हता. पहिला भाग बरा होता. लिहिलंयस चांगलं. जा, पुढच्याला पाठव."

मी बाहेर आले तेव्हा माझे कान गरम झाले होते. वाईट! मला कुणी वाईट म्हटलं होतं! दोन वर्षं मी काहीही केलं तरी लोक टाळ्या वाजवत होते, बोलली हो पोरगी, बोलली! मी नाटकात चहाचा कप जरी ठेवला असता तरी वाजवल्या असत्या. या बाईने मात्र मी अडकले हे माफ केलं आणि कुठे पाहिलं ते माफ केलं नाही. मला इतका राग आला होता, आणि मला तिथून हलावंसं वाटत नव्हतं.

आई पायरीवर बसली होती, पर्स मांडीवर गच्च धरून. "चारचौघांत मला बाहेर काढलं," ती म्हणाली. "मदत करायला गेले तर."

"मला मदत नको होती."

"तेरा वर्षं तुझे शब्द मी बोलले. तेव्हा चाललं."

"तेव्हाही नव्हतं चालत! पण ते सांगायला गेले असते तर तेही वाक्य तूच पुरं केलं असतंस!"

बाबा हात पुसत आले. "सेन्सर गेलाय," म्हणाले. मग आमच्या तोंडांकडे पाहून म्हणाले, "गाडी आणतो."

आठ दिवसांनी यादी लागली. अठरांत माझं नाव नव्हतं. प्रतीक्षायादीत दुसरी. म्हणजे अठरांतल्या दोघांची बुद्धी फिरली तरच मी आत! मी खोलीचं दार आपटलं, उशीला गुद्दे मारले, दादाने रेडिओवर काही विनोद केला त्यालाही एक मारला.

संध्याकाळी आईचा फोन वाजला. मऊसाहेब. आईने ऐकून घेतलं आणि फोनवर तळहात ठेवला. "ते म्हणतायत, अजूनही वेळ गेलेली नाही. तो व्हिडिओ केलास तर जागा आहे. अठरांच्या वरची." तिने माझ्याकडे पाहिलं. "काय सांगू?" असं विचारता विचारता ती थांबली आणि तिने फोनच माझ्यापुढे धरला. "तूच सांग."

मी फोन घेतला. "हॅलो."

"बाळा! मग काय, येतेस ना?"

मी तोंड उघडलं आणि शब्द बसला. इथे आई समोर, तिकडे ते मऊ श्वास. मला त्या शेडमध्ये जायचं होतं, फार जायचं होतं. राणीची पक्कड, कबुतर, ती फेव्हिकॉलची बोटं. एक व्हिडिओ केला की झालं. आईचे ओठ हलले. मी पाहिलं, ते हलले आणि उघडे राहिले. मी फरशीकडे पाहिलं नाही. आईकडेच पाहत राहिले, ती माझ्याकडे, आणि आम्ही दोघी एकाच शब्दापाशी अडकलो होतो.

"नाही," मी म्हटलं. "मी यादीत थांबते. नंबर दोन. नाही लागला तर पुढच्या वर्षी परत ऑडिशन देईन."

"अगं, पण वर्ष वाया—"

"माझं वाक्य व्हायचंय अजून," मी म्हटलं. "तुमची लिफ्ट दुरुस्त करून घ्या. सेन्सर गेलाय. बाबांनी सांगितलंय."

फोन ठेवला. आई भडकली होती, नाकाचा शेंडा लाल झाला होता.

"वेडी आहेस तू. ठार वेडी. हातातली जागा!"

"हो."

"आणि एवढा वेळ लावलास! मला वाटलं, आता 'हो' म्हणेल. मग वाटलं, 'नाही' म्हणेल. मला कळतच नव्हतं तुझ्या तोंडात काय आहे!"

"मलाही कळत नव्हतं," मी म्हटलं.

आईने फोन हिसकावून घेतला आणि चार्जिंगला लावला. मग पाठमोरीच, रागारागाने म्हणाली, "पुढच्या वर्षीचा फॉर्म तुझा तू भर. तुझ्या त्या कोंबडीच्या पायांच्या अक्षरात."