तीन नळ्या निळ्या

माझा स्वभाव तापट आहे आणि औषधाच्या खोलीत कुणी पाऊल टाकलेलं मला खपत नाही, हे आधीच सांगून टाकतो. सांगलीच्या ज्या दवाखान्यात मी कंपाउंडर होतो, तिथं मोहिद्दीनच्या वाटेला जायचं नाही हे झाडूवाल्यापासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. केरबाला तेवढं कुणी सांगितलं नव्हतं.

केरबा कडेगावाकडचा गुळव्या. उसाचा रस कढवून गूळ करणारा. काहिलीतल्या बुडबुड्यांकडे बघून आधण कधी उतरवायचं ते तो सांगायचा आणि त्याचा शब्द पाच गावांत चालायचा. गालाच्या आत कॅन्सर झाला म्हणून मुंबईला जाऊन रेडियमच्या सुया लावून घेतल्या होत्या. गाल सुधारला, पण मानेत सुपारीएवढी गाठ उरली. ती काढून घ्यायला चव्वेचाळीस सालच्या माघात तो बायकोला, अंबूबाईला घेऊन आमच्याकडे दाखल झाला. तपासलं तर लघवीत साखर.

"साखर?" केरबा म्हणाला. "आवं, रेशनवर मिळंना साखर. माझ्या अंगात कुठनं आली?"

डॉक्टरांनी त्याला नीट समजावलं. अंगात एवढी साखर असताना मान उघडली तर जखम भरणार नाही, चिघळेल. सलग तीन तपासण्या स्वच्छ आल्या तरच शुक्रवारी कापायचं. पुढच्या सोमवारी डॉक्टर पुण्याला फौजेत रुजू होणार होते. टाके काढणारे पुष्कळ होते, पण मानेतली गाठ काढील असा दुसरा हात आसपास नव्हता. शुक्रवार हुकला तर गाठ काही कुणासाठी थांबणार नव्हती.

तपासणीचं काम माझं. काचेच्या नळीत निळं औषध घ्यायचं, त्यात आठ थेंब लघवी टाकायची आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. निळं राहिलं तर साखर नाही. हिरवं झालं तर थोडी, पिवळं झालं तर बरीच, आणि विटकरी झालं तर अल्ला मालिक. रविवारी केरबाची नळी विटकरी झाली. सोमवारपासून इन्सुलिनची सुई सुरू झाली. भाकरी त्याला चाववतच नव्हती, आता पेजही बंद केली. ताक आणि फेटलेलं अंडं, तेही मोजून.

मंगळवारी सकाळी नळी दिव्यावर धरली तर केरबा खोलीत उभा.

"उकळायचं काम हाय म्हंत्यात," तो म्हणाला. "बघू का जरा?"

त्याला हाकलायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात तोच म्हणाला, "जाळ बारीक करा. उतू जातंय."

खरंच उतू जात होतं. माझ्याच खोलीत मला शिकवणारा हा पहिला माणूस. पण नळी थंड झाली आणि निळीच राहिली. केरबाचे डोळे लकाकले. वॉर्डात जाऊन त्यानं खाटेखाटेशी थांबून सांगितलं, "निळं हाय. एकदम निळं." मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण दुपारी नळी हिरवी झाली आणि संध्याकाळी पिवळी.

माझं डोकं फिरलं. हा माणूस चोरून खातोय, दुसरं काय? मी तडक वॉर्डात गेलो आणि अंबूबाईला म्हणालो, "बाई, गाठोडं सोडा."

सगळा वॉर्ड बघत होता. तिनं मुकाट्यानं गाठ सोडली. एक लुगडं, फणी, आणि फडक्यात गुंडाळलेला नारळाएवढा गूळ.

"आमच्या सिद्धूनं केलाय," ती खाली बघत म्हणाली. "बाप मुंबईला हुता, तवा पोरानं एकट्यानं पयलं आधण उतरवलं. ह्यास्नी नुसता दावाय आणलाय. कुणी चाखला न्हाई."

"खरं हाय ते," केरबा म्हणाला. "आन खाऊन करू काय? सुया लावल्यापास्नं जिभेला काय कळत न्हाई. गूळ आन माती सारखीच."

"उंदराला मांजर साक्ष," मी म्हणालो आणि गूळ उचलून माझ्या कपाटात कुलपात ठेवला. वॉर्डात दोघंतिघं हसले. अंबूबाईनं पदर डोक्यावर ओढून घेतला.

बुधवारी सकाळी नळी निळी. झालं, म्हटलं, चोर सापडला. दुपारी उकळली तर पिवळी, कालच्यापेक्षाही पिवळी. केरबा स्टुलावर बसून होता. शुक्रवार दोन दिवसांवर आला होता.

त्याच्या औषधाची वेळ झाली होती. रेडियमनं तोंड आतून सोललेलं, दुखायचं फार, म्हणून प्रत्येक खाण्यानंतर मी त्याला दोन औंस मिश्रण द्यायचो. त्यानं पेला घेतला आणि थोडं बोटांवर सांडलं. सवयीनं त्यानं अंगठा आणि बोट एकमेकांवर चोळलं आणि हळूच लांब केलं. तसाच बोटांकडे बघत राहिला.

"मोहिद्दीनभाई, ह्यात काय घालता?"

"अफूचा अर्क, लवंगेचं पाणी, आणि..."

"ह्याला तार सुटतीया."

मी वाकून बघितलं. दोन बोटांच्या मध्ये केसासारखी बारीक तार होती. साखर मिळेना म्हणून पावसाळ्यापासून मी हे मिश्रण बाजारच्या काकवीत करत होतो. अर्धी बाटली काकवी. माझं औषध लहान मुलंसुद्धा मागून पितात, अशी माझी फुशारकी होती. दिवसातून तीनदा मी या माणसाला पातळ गूळ पाजत होतो, आणि रात्री औषध नसायचं म्हणून सकाळची नळी निळी असायची. त्याच्या जिभेला गोड कळलं असतं तर पहिल्या घोटालाच त्यानं मला पकडलं असतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

तसाच उठून डॉक्टरांकडे गेलो आणि सगळं सांगितलं. नोकरी जाते असंच मला वाटलं होतं. ते म्हणाले, "आता कडू करा."

अंबूबाईकडे जाणं त्याहून अवघड होतं. सगळ्या वॉर्डासमोर गूळ तिच्यापुढं ठेवला आणि म्हणालो, "मावशी, माझं चुकलं. चोर मीच होतो."

तिनं गुळाला हात लावला नाही. "ऱ्हाऊ द्या तुमच्याच कपाटात," ती म्हणाली. "उद्या परत कुणाला सौंशय नको."

गूळ परत कपाटात गेला.

नवं मिश्रण काडेचिराइताहून कडू झालं होतं. केरबाला आधी सांगून ठेवलं. त्यानं एका घोटात पेला रिकामा केला. "कडू हाय व्हय?" तो म्हणाला. "मला वाटलं पाणीच."

गुरुवारी सकाळी निळं. दुपारी माझ्या दाराशी निम्मा वॉर्ड गोळा झालेला, आणि मी कुणालाच हाकललं नाही. नळी वर धरली आणि ओरडलोच, "निळं."

केरबानं ती माझ्या हातातून घेतली आणि खिडकीच्या उजेडात नेली. "न्हाई," तो म्हणाला. "कडंला हिरवी झाक हाय."

"अहो, याला निळंच म्हणायचं. डॉक्टरसुद्धा म्हणतील. उद्या शुक्रवार आहे, केरबा."

"कच्चं आधण पक्कं म्हणून वतलं, तर ढेप बसंल का भाई? आन हितं मान माझी हाय."

डॉक्टरांनी नळी बघितली, केरबाकडे बघितलं आणि सुईत थोडं इन्सुलिन वाढवलं. मोजणी पहिल्यापासून सुरू. शुक्रवारी सकाळी लवकर कापायचं ठरलं होतं ते त्यांनी अकरावर ढकललं. त्याच्या आत तीन नळ्या हव्या होत्या.

गुरुवारी संध्याकाळी निळं. खिडकीच्या उजेडातही निळं. शुक्रवारी उजाडताच निळं. दहाची नळी मी घाईनं थेट ज्योतीत खुपसली, तसं केरबानं माझं मनगट धरलं. "जाळ बारीक," तो हळूच म्हणाला. नळी उकळली. मला बघवेना. मी दाराकडे वळून हाक मारली, "मावशी, तुम्ही बघा."

अंबूबाई आत आली. नळी हातात घेऊन तिनं खिडकीशी धरली, तिरपी करून बघितली, परत सरळ धरली.

"निळं हाय," ती म्हणाली. "माझ्या लुगड्यावानी."

दारातल्या माणसांनी एकच गलका केला आणि मीही त्यात होतो. स्ट्रेचरवरून नेताना केरबानं वॉर्डाला तीन बोटं दाखवली.

गाठ निघाली. दहाव्या दिवशी टाके काढले तेव्हा जखम कोरडी आणि स्वच्छ मिळून आली होती. डॉक्टर तोवर पुण्याला गेले होते, त्यांना मी स्वतः कार्ड टाकलं. केरबासाठी एक नळी, दिवा आणि निळ्या औषधाची बाटली बांधून दिली. घरी इन्सुलिन माठाखालच्या ओल्या वाळूत ठेवायचं, हे अंबूबाईकडून तीनदा वदवून घेतलं.

मग तिनं आपण होऊन गूळ मागितला. मी कपाट उघडलं. तिनं एक खडा फोडला आणि तांब्याभर पाण्याबरोबर माझ्यापुढं धरला, उन्हातनं आलेल्या पाहुण्याला देतात तसा. केरबा खाटेवर पुढं सरकून बसला.

"सांगा भाई," तो म्हणाला. "पोरानं कसा उतरवलाय?"

सगळ्यांची नजर माझ्या तोंडाकडे. मी खडा जिभेवर ठेवला. झकास झालाय, एवढं म्हणायचं आणि मोकळं व्हायचं, असंच मनात होतं. पण गुरुवारची नळी आठवली.

"जरा करपलाय," मी म्हणालो. "शेवटाला कडवट लागतो."

अंबूबाईनं माझ्याकडे असं बघितलं की मला गाठोडं आठवलं. केरबानं मात्र खाटेवर थाप मारली.

"रंगावरनं मला वाटलंच हुतं. चुलवाणाला जाळ जास्त घातला गड्यानं." त्याचा चेहरा नुसता फुलून आला होता. "आगं, गाठोडं बांध. गुऱ्हाळ अजून म्हैनाभर चालंल."

"नवे डॉक्टर अजून चार दिवस थांबा म्हणालेत," मी म्हणालो.

त्याचं लक्षच नव्हतं. "म्हंजे मी अजून लागतोय तर," तो म्हणाला आणि खाटेखाली वाकून वहाणा शोधू लागला.