सगळी बटणं

टेलरने मधला ढीग दोन्ही हातांनी स्वतःकडे ओढला. सुट्टीचं दुकान बंद, कापायच्या टेबलावर पोकरचा डाव, आणि पैशांच्या जागी उरलीसुरली बटणं. कंपाउंडरने पानं टाकून पॅक केलं होतं, गणिताच्या सरांनीही. बायको गेल्यापासून दर सुट्टीला हे असंच चाललेलं. जिंकणार टेलरच!

हे तिचंच काम, असं तो मनाशी धरून बसला होता. कुठूनतरी पानं लावून देते. वेडेपणाच तो, पण एकटा पडलेला माणूस असला वेडेपणाही जपतो. ती होती तेव्हा तो बहुतेकदा हरायचा. घरात पाऊल टाकलं की ती विचारायची, “काय हो, आज किती बटणं घालवलीत?” आणि उत्तराआधीच हसायला लागायची.

पत्ते पिसायला म्हणून त्याने पानं गोळा केली. कंपाउंडरने टाकलेली पानं बोटांतून निसटली आणि उताणी पडली. तीन राजे. टेलर जिंकला होता तो सत्तीच्या जोडीवर.

तीन राजे हातात असताना कुणी पॅक करतं?

पूर्वी कुणी लागोपाठ दोनदा जिंकलं की सर चष्मा पुसत ऐकवायचे, “पानांना माणूस कळत नाही हो. आज लागतील, उद्या रडवतील. फुशारकी नको.” इतक्या महिन्यांत टेलरला त्यांनी हे एकदाही ऐकवलं नव्हतं. त्याला राग आला, मग लाज वाटली. आणि मग कळलं, म्हणजे पानं लावून देणारी तीही नव्हतीच.

“दमलास का रे? थांबू या?” कंपाउंडरने हळूच विचारलं. हल्ली सगळेच त्याच्याशी आजाऱ्याशी बोलावं तसं बोलत.

“नको, पानं वाटतोय,” टेलर म्हणाला.

त्याने आपली पानं उचलली. तीन राण्या, दोन नव्व्या. असा हात त्याला जन्मात आला नव्हता. थोडा वेळ तो नुसता बघत राहिला. मग आपल्या डब्यातली सगळी बटणं त्याने मध्ये ओतली. कंपाउंडर पानं टाकायला हात उचलतो, तोच टेलर म्हणाला,

“पॅक.”

आणि पानं पालथी करून गड्डीत खुपसली.

“आँ? सगळं लावून पॅक?” कंपाउंडर ओरडलाच. “डोकं फिरलं का टेलर? सुईत दोरा जात नव्हता, आता पानंही दिसेनात होय?”

“बघा, मी म्हणत नव्हतो? उद्या रडवतील!” सर हसता हसता खोकायला लागले.

“हसा लेको, हसा,” टेलर म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. त्यांना वाटलं, हसूनच.

घरी येऊन त्याने कुलूप काढलं. चपला दाराशी सोडल्या. रिकामा डबा हातात घेऊन तो उंबऱ्यातच उभा राहिला.

“सगळी घालवली,” तो आत बघत म्हणाला, आणि ती हसेल तेवढा वेळ थांबला.