पटण्यासारखं उदाहरण

बाईंनी तिसऱ्या परिच्छेदाभोवती लाल पेनाने चौकट काढली आणि कागद तिच्याकडे सरकवला.

"हा परिच्छेद सगळ्यांत चांगला झालाय," बाई म्हणाल्या. "आणि हाच तुम्हाला नापास करणार आहे."

संध्याकाळचा वर्ग सुटला होता. बाकीचे जिना उतरून गेले होते. इंग्रजीत निबंध कसा लिहायचा हे शिकवणाऱ्या या बाई तिच्यापेक्षा दहाएक वर्षांनी लहान, पण भलत्याच खमक्या होत्या. कागदाच्या समासात त्या 'पुरावा?' हा एकच प्रश्न इतक्यांदा लिहीत, की वर्गाने त्यांचं नाव पुरावाबाई ठेवलं होतं.

"विषय काय आहे? म्हाताऱ्या आईवडिलांना घरीच सांभाळणं हे मुलांचं कर्तव्य आहे का. तुम्ही पहिल्याच वाक्यात म्हणता, तसं नाही. छान. दुसऱ्या परिच्छेदात तुमची कारणं आली. तिसऱ्यात विरुद्ध बाजू मांडलीत, तीही मांडायचीच असते. पण मग तिला उत्तर कुठाय? तुम्ही सरळ समारोपावर उडी मारलीत. वाचणारा म्हणेल, हिचं हिलाच पटत नाहीये."

ती कागदाचा कोपरा दुमडत आणि उलगडत राहिली.

"उत्तराचा एक परिच्छेद लिहून आणा. आणि त्यात उदाहरण हवं."

"खरं हवं?"

"छे हो. परीक्षक काय तपासायला जातोय? खरं वाटलं म्हणजे झालं. बारीकसारीक तपशील घाला, मग पटतं."

शाळेत निबंध म्हणजे सूर्योदयापासून सुरुवात करायची, वाटेत फुलं, पाखरं जे भेटेल ते गोळा करत जायचं आणि शेवटी आलाच तर मुद्द्यावर यायचं, अशी तिची समजूत होती. इथे पाखरांना मज्जाव होता. मुद्दा पहिल्या वाक्यात, मग कारण, मग पुरावा. इस्पितळाच्या प्रयोगशाळेत इतकी वर्षं रक्त तपासताना यंत्रांची इंग्रजी माहितीपत्रकं तिने भराभर वाचली होती. लिहायची वेळ कधी आली नव्हती. आता दोन वर्षांच्या शिक्षणासाठी परदेशातल्या एका विद्यापीठाने तिची जागा धरून ठेवली होती. ही लेखी परीक्षा झाली की जायचं. म्हणजे जायचं ठरलं तर.

चौकटीतल्या परिच्छेदात तिने लिहिलं होतं, की म्हातारा माणूस आपल्या घरात अंधारातही दिव्याच्या बटणापर्यंत बरोबर पोचतो. त्याला दुसरीकडे नेलं की प्यायला पाणीसुद्धा मागावं लागतं, आणि मागायची लाज वाटते म्हणून तो तहानलेलाच राहतो. एवढं लिहिताना तिला एकदाही शब्दकोश उघडावा लागला नव्हता.

घरी वडील तिची वाट पाहत टेबलाशी बसले होते. एक जुनी कापडी मापाची टेप ते बोटांभोवती गुंडाळत होते, सोडत होते, पुन्हा गुंडाळत होते. उभं आयुष्य त्यांनी कोर्टात टंकलेखकाचं काम केलं होतं. त्या बोटांच्या वेगावर तेव्हा वकील मंडळी पैज लावत. आता तीच बोटं कापत होती, भरला कप हातात धरवत नव्हता. गेल्या वर्षी उकळत्या पाण्याचं भांडं पायावर पडलं, तेव्हापासून ती कामावर जाताना चहा थर्मासमध्ये भरून ठेवायची.

"ही टेप शिंपीकाकांची ना?"

"हो. दिली त्याने. आता कुणाची मापं घ्यायचीत त्याला?"

शिंपीकाका म्हणजे वडिलांचे शाळेपासूनचे मित्र. वडिलांच्या बोटांना बटणं लावता येईनात, तेव्हा त्यांनी कुणी न सांगता सगळ्या शर्टांची बटणं काढून टिचबटणं लावून दिली होती. वर वडिलांना म्हणाले होते, "लहान बाळांना लावतात ना, तीच आहेत. लाजू नकोस." पुढे त्यांचा मुलगा बदली होऊन दूर गेला आणि काका शहराबाहेरच्या वृद्धाश्रमात राहायला गेले. दर गुरुवारी दुपारी वडील बसने त्यांना भेटायला जात. विद्यापीठाचं पत्र आलं त्याच दिवशी वडील म्हणाले होते, "मी शिंप्याकडे जाऊन राहतो. दोन म्हातारे मजेत राहू. तू जा." तिने हो म्हटलं नव्हतं, नाहीही म्हटलं नव्हतं.

रविवारी सकाळी तिने वडिलांना नवा शर्ट घातला. त्याला साधी बटणं होती. एकेक लावताना ती म्हणाली, "हा काकांकडे द्यायचा राहिला की."

"तिथे कुठे मशीन आहे त्याच्याकडे?" वडील खिडकीकडे बघत म्हणाले. "तुझं ते लिखाण कुठवर आलं?"

"अडलंय."

"वाच."

तिने वाचलं. कोर्टातलं इंग्रजी त्यांच्या हाडीमांसी खिळलेलं होतं, त्यामुळे अर्थ सांगावा लागला नाही. चौकटीतल्या परिच्छेदाला तिचा आवाज उगाच भराभर चालायला लागला. वडील डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावर त्यांनी डोळे लगेच उघडले नाहीत.

"समोरच्याचं वकीलपत्र चांगलं घेतलंस," ते म्हणाले. "आता लिही उत्तर. मी दोन्ही बाजूंची भाषणं टंकून म्हातारा झालोय. आधी समोरच्याचं मान्य करायचं. म्हण, घर सुटणं जड जातं, यात वाद नाही."

तिने लिहिलं.

"पण. आता पण लिही. जो मुलगा नुसतं कर्तव्य म्हणून थांबतो, तो एक दिवस काय काय सोडलं ते आठवायला लागतो. तोंडाने बोलत नाही. पण जेवताना समोर बसलेल्या बापाला ते दिसतं. बापाला घास गिळवत नाही."

"बाबा, हे मी कसं लिहू?"

"इंग्रजीत लिही. इंग्रजीत लिहिता येतं सगळं." ते हसले. "पुढे. म्हाताऱ्या माणसालाही एक इच्छा असते. आपल्यापायी कुणाचं अडू नये, ही. तिलाही मान द्यायला हवा."

टेबलाच्या कडेवर त्यांची दहाही बोटं हलत होती. थरथर होती की ते टंकत होते, हे तिला सांगता आलं नसतं.

"आता उदाहरण," ती म्हणाली. वातावरण जरा हलकं करावं म्हणून तिने सांगितलं, "बाई म्हणतात, खोटं असलं तरी चालतं. फक्त पटलं पाहिजे."

वडिलांनी तिच्याकडे पाहिलं.

"खोटं कशाला? आपल्याकडे खरं आहे. शिंप्याचंच घाल की. गेला तेव्हा काडीसारखा होता, आता चांगलं वजन धरलंय. संध्याकाळी चौघं मिळून पत्ते खेळतात. हा हरायला लागला की पान मांडीखाली लपवतो. सगळ्यांना ठाऊक आहे, कुणी बोलत नाही."

"काका आणि पत्ते?"

"शिकला तिथे. माणूस कुठल्याही वयात शिकतो. तू नाही का शिकत?"

तिने सगळं लिहून घेतलं. मांडीखालचं पानही घेतलं. लिहिताना हसू आलं तिला, आणि किती तरी आठवड्यांनी छातीवरचं ओझं थोडं सरकल्यासारखं वाटलं.

बाईंनी तो परिच्छेद दोनदा वाचला. समास कोरा राहिला. "हा पत्ते लपवणारा म्हातारा मला भेटल्यासारखा वाटतोय," त्या म्हणाल्या. "याच्यापुढे विरुद्ध बाजूचं काही चालत नाही." ती जिना उतरली ती जवळजवळ पळतच. घरी येऊन म्हणाली, "बाबा, मी परवा सुट्टी काढते. आश्रमातली खोली बघून येते."

"कशाला? मी बघितलीय की."

"तरी. शिंपीकाकांनाही भेटेन. किती दिवसांत भेटले नाही."

वडिलांनी टेप टेबलावर ठेवली. "दुपारी झोपतो तो," ते म्हणाले. "उठवू नकोस."

आश्रम स्वच्छ होता. व्हरांड्यात नुकतंच फिनेल टाकलं होतं आणि कठड्यावर ब्लँकेटं वाळत होती. तिथे काम करणाऱ्या मावशींनी तिला ओळीतल्या शेवटच्या खोलीपाशी नेलं. ती म्हणाली, आधी शिंपीकाकांना भेटते. मावशी किल्ली लावता लावता थांबल्या.

"ते गेले, ताई. थंडी सुरू झाली तेव्हाच. तुमचे वडील होते की उशाशी. काकांचा मुलगा पोचला नाही वेळेवर. सामान म्हणजे काय, चष्मा आणि टेप. वडीलच घेऊन गेले." मावशी तिच्या चेहऱ्याकडे बघून गोंधळल्या. "घरी बोलले नाहीत का ते?"

ती दाराची चौकट धरून उभी राहिली. मग तिने विचारलं. विचारण्यात काही अर्थ नाही हे कळत असून विचारलं.

"काका पत्ते खेळायचे ना?"

"पत्ते? छे. कुणाशी बोलायचेसुद्धा नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडलेले असायचे. आम्ही काही कमी नाही केलं हो, पण माणसाचं मनच लागत नाही, त्याला काय करणार? गुरुवारी तेवढे उठून, दाढी करून बसायचे." मावशींनी दार उघडलं. "वडील तुमचे अजून येतात गुरुवारचे. आत येत नाहीत. फाटकाजवळच्या बाकावर तासभर बसतात आणि जातात. मी एकदा विचारलं, आजोबा, आता कुणासाठी? तर म्हणाले, सवय करतोय."

खोलीत दोन पलंग होते. रिकामा भिंतीकडचा होता. दिव्याचं बटण दाराशी, दुसऱ्या पलंगाच्या पलीकडे होतं. ती त्या रिकाम्या पलंगावर बसली, हात लांब करून पाहिला आणि तिथेच तिला रडू फुटलं. मावशींनी पाणी आणून दिलं आणि दार लोटून घेतलं.

परत येताना बसमध्ये तिचं सगळं ठरलं. बाबांना सांगायचं, मी भेटले नाही काकांना, कारण काका नाहीत. विद्यापीठाला दोन ओळी लिहायच्या. परीक्षेला बसायचं नाही. आणि मग जन्मात पुन्हा हा विषय काढायचा नाही. बाबा रागावतील, अबोला धरतील, धरू देत. इतकं स्पष्ट तिला गेल्या कित्येक महिन्यांत काही दिसलं नव्हतं.

दार वडिलांनीच उघडलं. त्यांनी नवा शर्ट घातला होता. साध्या बटणांचा. सकाळी ती निघाली तेव्हा तो खुंटीवर होता.

"मीच घातला," ते म्हणाले. "बघ. सगळी लावली. जमतं, वेळ दिला की जमतं."

सगळी दुपार त्यात गेली असणार. कपाळावर घाम होता. बटणं एक काज चुकून लागली होती, म्हणून शर्टाची एक बाजू खाली लोंबत होती आणि गळ्याशी एक बटण बिनघराचं उरलं होतं. एवढी बोटं कापत होती की त्यांनी हात पाठीमागे धरले होते.

ती चप्पल काढायची विसरून उभी राहिली. बसमध्ये जुळवलेली वाक्यं ओठाशी होती.

"झोपला होता ना शिंपी?" वडिलांनी विचारलं. अगदी सहज. पण उत्तर येईपर्यंत त्यांनी श्वास रोखून धरला होता.

ती त्यांच्याकडे पाहत राहिली. हो म्हटलं तरी भागलं असतं. वडिलांनी तेवढी जागा तिच्यासाठी मोकळी ठेवली होती.

"नाही," ती म्हणाली. "जागे होते. पत्ते पिसत होते."

वडिलांचे पाठीमागचे हात हळूहळू पुढे आले.

"वजन वाढलंय की नाही?"

"वाढलंय. ओळखूच आले नाहीत आधी."

"मग कपडे घट्ट होत असतील त्याला."

"शिवण उसवून सैल केलेत म्हणाले. स्वतःच. हाताने."

"करेल, करेल," वडील म्हणाले. "हात अजून चांगला आहे त्याचा. लपवलं का पान?"

"लपवलं. मी बघितलं. बोलले नाही."

वडील हसले. डोळे पुसायला त्यांना दोनदा हात उचलावा लागला. मग टेबलाशी जाऊन त्यांनी तिच्या वर्गातले कागद नीट एकावर एक लावले आणि वर ती टेप ठेवली, वाऱ्याने उडू नयेत म्हणून.

"परीक्षा कधी म्हणालीस?"

"पुढच्या आठवड्यात."

"मग बस लिहायला. चहा मी ओततो. थर्मासमधूनच ओतायचाय."

ती बसली. त्यांनी तिच्यापुढे अर्धा भरलेला कप आणून ठेवला, बशीत बराच सांडलेला. खाली वाकताना शर्टाची लोंबती बाजू टेबलाला घासली. तिचा हात आपोआप त्या बटणांकडे गेला होता. तो तिने मागे घेतला आणि कप उचलला.