वाहरू कोतवालाचं चूलबंद

वाहरू कोतवालाच्या निरोपाच्या जेवणाला अर्धं गाव आलं नाही, आणि ते अर्धं गाव अजून उपाशी आहे.

असं काही झालेलं नाही. ग्रामपंचायतीच्या ठरावात 'समस्त ग्रामस्थ हजर होते व कार्यक्रम आनंदात पार पडला' असं लिहिलेलं आहे. ते मीच लिहिलंय, कारण पंचायतीचा कारकून मी आहे. तेव्हा पहिलं वाक्य वाचलंच नाही असं समजून पुढे चला.

आमची गावं दोन. नवं टेकाडावर, सरकारी आखणीचं, पत्र्याचं; तिथे आम्ही राहतो. जुनं खाली तापीकाठी. तिथे कोणी राहत नाही. पुराने ते नेलं. त्या दिवशी वरून हुकूम आला होता की पाणी गावाला लागणार नाही, लोकांनी घर सोडून गोंधळ करू नये. वाहरूने हलगी वाजवून दारोदार तसं सांगितलं. ज्यांचा सरकारवर विश्वास नव्हता ते टेकाडावर पळाले. त्यांत सगळ्यांच्या पुढे रूपचंद पाटील होते. ते आज सरपंच आहेत. ज्यांचा विश्वास होता ते घरात बसले. वाहरूची बायको फुलीबाई नवऱ्याचं कधी ऐकत नसे. त्या दिवशी तिने ऐकलं.

तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ जुन्या गावातून धूर निघायचा. एका जागेवरून नाही. घराघराचा वेगळा, स्वयंपाकाच्या वेळेला निघतो तसा. सरपंच म्हणायचे मेंढपाळ असतील. मेंढपाळ म्हणायचे गुराखी असतील. मी त्याची नोंद केली नाही. पंचायतीच्या रजिस्टरात धुराला रकाना नाही.

तर वाहरू निवृत्त व्हायचा होता. त्याच्याकडे वयाचा दाखला नव्हता. मामलेदार साहेबांनी मिशांकडे बघून साठ लिहिले. निरोपाचं जेवण सरपंचांच्या ओट्यावर बसून ठरलं. सरपंचांना बुंदी हवी होती. त्यांच्या घरच्या जसोदाबाई म्हणाल्या की बुंदी लग्नात खा. वरण-बट्टी होईल आणि कोरीट गावच्या वांग्यांची भाजी होईल. मग तेच ठरलं. आवतण चूलबंद द्यायचं हेही ठरलं. म्हणजे पाळण्यातल्या पोरापासून खाटेवरच्या म्हातारीपर्यंत अख्खं घर जेवायला, आणि त्या दिवशी त्या घरात चूल पेटवायची नाही. आदल्या दिवशी आवतण जातं. दुसऱ्या दिवशी पानं मांडली की पुन्हा बोलावणं जातं. हे दुसरं बोलावणं आल्याशिवाय आमच्याकडे कोणी उंबरा ओलांडत नाही, भुकेने डोळे पांढरे झाले तरी.

दोन्ही वेळा बोलवायला जाण्याचं काम कोतवालाचं. त्यामुळे स्वतःच्या निरोपाचं आवतण वाहरूलाच द्यावं लागणार होतं. त्याची त्याबद्दल तक्रार नव्हती. त्याने एकच मागितलं.

"आबा, पहिले जेवन, मंग काठी."

सरपंच हो म्हणाले. काठी आधी जमा केली काय नि नंतर काय, असंही म्हणाले.

आदल्या दिवशी वाहरू काठी आणि छातीवर बिल्ला घेऊन निघाला. नवं गाव झालं तरी थांबला नाही, खाली उतरला. पानं किती लागतील ते मला कळायला हवं होतं, म्हणून मी मागोमाग गेलो. जुन्या गावात आता नुसती जोती आहेत. प्रत्येक जोत्यासमोर उभं राहून, काठी आपटून तो सांगत होता, उद्या चूलबंद शे. स्वतःच्या जोत्यापाशी त्याचा आवाज उतरला.

"तू बी ये."

परत येताना मी विचारलं की हे कोणाच्या परवानगीने. त्याने चालता चालता सांगितलं, "त्यासले मीच घरमा बसाडेल शे. कोतवाल उठाडी तवयच उठतीन. परवापासून मी कोन?"

त्यात मला नियमबाह्य काही सापडलं नाही. मी जसोदाबाईंना पानं वाढवायला सांगितलं. त्यांनी ती आधीच वाढवली होती. त्यांची थोरली बहीण खालीच होती.

जेवणाच्या दिवशी सकाळी नदीकडे धूर नव्हता. एकाही घराचा नाही. मेंढपाळ गेले एकदाचे, असं सरपंच म्हणाले आणि दिवसभर तिकडे पाठ करून बसले.

साहेब जीपमधून लवकर आले. त्यांना विसरवाडीला मुक्कामाला पोचायचं होतं. बट्ट्या अजून शेणीच्या विस्तवात होत्या. सरपंचांनी कार्यक्रम फिरवला, काठी आधी. वाहरू म्हणाला, "आबा, ठरेल व्हतं." सरपंचांनी त्याला समजावलं की साहेब थांबणारे नाहीत आणि जेवण काही पळून जात नाही.

साहेबांनी भाषण केलं. वरचा प्रत्येक हुकूम वाहरूने एक शब्दही न बदलता गावापर्यंत पोचवला, असं ते म्हणाले. टाळ्या झाल्या. नारळ, हार, टोपी झाली. नवा कोतवाल नेमला जाईपर्यंत काठी आणि बिल्ला कचेरीत जमा, म्हणून ती दोन्ही जीपमध्ये गेली.

बट्ट्या निघाल्या. अंगणात पानं मांडली; एक रांग आमची, आणि दुसरी जसोदाबाईंनी नदीकडे तोंड करून मांडलेली. वाहरू बोलवायला निघाला. वरचं गाव लगेच आलं. जिवंत माणसाला भूक लागली की काठी दिसली नाही तरी चालतं. मग तो खाली उतरला. टेकाडावरून मला दिसत होतं. दर जोत्यासमोर तो हात जोडून उभा राहत होता. आपल्या जोत्यापाशी बराच वेळ थांबला. मग एकटाच वर आला.

जसोदाबाई वरणाचं भांडं घेऊन उभ्या होत्या.

"नही येतस," वाहरू म्हणाला. "म्हनतस, कोतवालले धाड."

"फुलीबाई?"

"तीच पहिले म्हने. मन्हं तिनी कवयच आयकं नही. कोतवालनं आयके."

आमची रांग जेवून उठली. खाली मान घालून जेवली. बट्टी चांगली झाली होती असं कोणी म्हटलं नाही. दुसऱ्या रांगेवर जसोदाबाईंनी सगळं वाढलं, वरणावर तूपसुद्धा. ते निवलं.

त्या दिवसापासून जुन्या गावातून धूर निघालेला नाही. एकदा आवतण घेतलं की जेवण झाल्याशिवाय चूल पेटवायची नसते, आणि खालचे लोक सांगितलेलं ऐकणारे. वारा नदीकडून असला की वरच्या गावात एखादं तान्हं पोर रडल्यासारखं ऐकू येतं. बाया आपापलं पोर चाचपून बघतात. ते झोपलेलं असतं.

वाहरूनेही चूल पेटवलेली नाही. पाणी पितो, टेकाडाच्या कडेला बसतो. जसोदाबाई ताट नेतात आणि तसंच झाकून परत आणतात. घरना मानसं उपाशी शेतस, एवढंच तो म्हणतो. मिशा आता चेहऱ्यापेक्षा मोठ्या दिसतात. सरपंच मला म्हणाले की काहीतरी लिही. कोणाला, ते म्हणाले नाहीत. म्हणून लिहिलं, आणि त्यांनी न वाचता शिक्का मारला:

मेहेरबान मामलेदार साहेब यांचे सेवेशी. विनंती अर्ज करण्यात येतो की, निवृत्त कोतवाल वाहरू यांस एका दुपारपुरते, बिनपगारी, काठी व बिल्ल्यासह पुन्हा कामावर घ्यावे. कामाचे स्वरूप : जेवायला बोलावणे. संबंधित ग्रामस्थ हुकुमावरून घरात बसले असल्याने त्यांना उठवण्याचा हुकूमही वरूनच व्हावा. काम होताच काठी परत केली जाईल. सदर कोतवालाची प्रकृती पाहता मंजुरी परतीच्या टपालाने मिळावी. पाने मांडून ठेवली आहेत. कळावे.