वजन टाक

दादानं "पा…" म्हटलं की घरात पाण्यासाठी पळापळ व्हायची. मेंदूतल्या एका बारीक गुठळीनं त्याचा उजवा हात लुळा केला होता आणि जीभ जड. मग कधी वहिनी ग्लास घेऊन यायची, कधी टकळी. पहिले काही दिवस त्यानं मान आडवी हलवली. पुढे पुढे निमूट पाणी पिऊन टाकायला लागला. तहान असो नसो, एवढं पाणी त्या माणसानं आयुष्यात प्यायलं नसेल.

टकळी म्हणजे त्याची धाकटी बहीण. हे नाव दादानंच ठेवलेलं आणि तिनं ते इमानेइतबारे सांभाळलं. एका टॅक्सी कंपनीत ती फोनवर बसायची. समोरचा "अहो, मला जरा…" म्हणतोय तोवर हिची गाडी रस्त्याला लागलेली असायची. कामावर तिच्या या चलाखीचं कौतुक व्हायचं. तीच चलाखी ती घरी घेऊन यायची आणि दादाची वाक्यं पुरी करायची.

"त्यांना शब्द सापडतात, फक्त वेळ लागतो," वाचा-उपचार करणाऱ्या बाई म्हणाल्या होत्या. "तुम्ही आधीच हातात देता. असंच चाललं तर ते शोधायचंच…"

"सोडून देतील," टकळी म्हणाली. "बरोबर आहे तुमचं."

आणि दादानं खरंच सोडून दिलं होतं. गेला आठवडाभर त्यानं तोंडातून अक्षर काढलं नव्हतं. घराखालीच त्याचं कुलपं-किल्ल्यांचं दुकान होतं. त्याच्या शटरवर महिन्याभरापासून 'भाड्याने देणे आहे' अशी पाटी लटकत होती. वहिनी आणि टकळीनं मिळून लावलेली, त्याच्या डोक्याचा ताप कमी व्हावा म्हणून. "चालेल ना?" असं त्याला विचारलंही होतं. त्यानं तोंड उघडलं, तोवर दोघी तार शोधायला गेल्या होत्या. सोमवारी एक चपलांचा व्यापारी जागा बघायला येणार होता.

रविवारी दुपारी टकळी एक व्हिडिओ गेम घेऊन आली. लहानपणी दोघं भावंडं सतरंजीवर पालथी पडून खेळायची तोच, आता नव्या रूपात पुन्हा बाजारात आलेला. चौकटी-चौकटींचं रणांगण. आपली माणसं एकेक करून हलवायची, मग शत्रूची पाळी. मेला तो कायमचा मेला. भावंडांनी आपल्या तिरंदाजाचं नाव ठेवलं मामा, कारण त्याचा एक बाण धड लागायचा नाही. जखमा बऱ्या करणारी म्हातारी म्हणजे काकू.

शिपायाला जागीच थांबवायचं तर यादीतला 'वेट' हा शब्द दाबायचा. इंग्रजीशी तेव्हा दोघांचीही तोंडओळखच. दादा नुकताच शाळेत वजनमापं शिकलेला, त्यामुळे त्यानं ऐटीत जाहीर केलं, "वेट म्हणजे वजन. वजन टाकलं की माणूस जागचा हलत नाही." झालं. त्या दिवसापासून मामानं वजन टाकलं, काकूनं वजन टाकलं. खरा अर्थ कळेपर्यंत हा शब्द अख्ख्या घराच्या तोंडी बसला होता. बाबांचा पारा चढला की आईसुद्धा म्हणायची, "अहो, जरा वजन टाका." पाहुणे बिचारे आईकडे बघत राहायचे.

टीव्हीवर ते जुनं संगीत सुरू झालं तशी दादाची नजर वर आली. टकळीनं त्याच्या डाव्या हातात रिमोट दिला. पडद्यावर मामा धनुष्य घेऊन उभा. दादाचा अंगठा एका बटणावरून दुसऱ्यावर सरकायला बघत होता, मध्येच थरथरत होता. टकळीला ते बघवेना. नव्या खेळात एक सोय होती, एक बटण दाबलं की यंत्रच आपल्या वतीनं लढतं. तिनं पटकन हात पुढे करून ते दाबलं. माणसं सटासट धावली, तलवारी खणखणल्या, लढाई जिंकली.

"बघ, जिंकलास," ती म्हणाली.

दादानं रिमोट मांडीवरून बाजूला ठेवला आणि खिडकीकडे तोंड फिरवलं.

पाण्याचे सगळे ग्लास टकळीच्या डोळ्यांसमोर आले. आपण काय करत आलो ते तिला लख्ख दिसलं आणि लाज वाटली. तिनं ती सोय बंद केली, लढाई पहिल्यापासून लावली आणि रिमोट परत त्याच्या हाताशी ठेवला.

बराच वेळ गेला. शत्रू तलवार उगारून जागच्या जागी डुलत होता. या खेळाची हीच रीत, आपण बटण दाबेपर्यंत कुणी अंगावर येत नाही. दादानं रिमोट उचलला. अंगठा सरकला, चुकला, परत आला. मामा एक घर पुढे गेला. काकू त्याच्या मागे. मग दादा अडला.

"डावीकडे घे ना," टकळीच्या तोंडून निघालंच. "नाहीतर असं कर, काकूला…"

"टक…ळे," दादा म्हणाला.

तिनं वळून बघितलं.

"वजन… टाक."

टकळीला हसू आलं आणि रडूही आलं. तिनं दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले आणि वजन टाकलं. दादानं सावकाश मामाला बाण सोडायला लावला. नेहमीप्रमाणे तो चुकला. दादा एका गालानं हसला. आता शत्रूची पाळी होती, पण दादा पडद्याकडे बघतच नव्हता. तो तिच्याकडे बघत होता.

"पा…" तो म्हणाला.

स्वयंपाकघरातून वहिनी ग्लास घेऊन निघाली. "आणलं हं, आणलं."

"वहिनी, थांबा," टकळी म्हणाली. "त्याची पाळी आहे."

वहिनी दारातच उभी राहिली. दादाचे ओठ हलले, मिटले, पुन्हा उघडले. कपाळावर घाम आला. टकळीच्या जिभेवर पाय, पाठ, पान, पाव सगळे शब्द येऊन बसले होते. तिनं एकही बाहेर पडू दिला नाही.

"पा…टी," दादा म्हणाला. मग दम घेऊन डाव्या हातानं खाली, दुकानाच्या दिशेनं बोट केलं. "काढा."

वहिनीनं भरलेला ग्लास टेबलावर ठेवला आणि पक्कड शोधायला गेली.