कानशीनं सरकवलेली खाच

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. एके काळी पांढरा होतो. आता माझा रंग दूध जास्त झालेल्या चहासारखा झाला आहे.

कारखान्यातून निघालो तेव्हा माझ्या पोटात मेमरीच्या दोन पट्ट्या होत्या. लोक तोंडात बोटं घालत. आज दाराच्या घंटीतही त्याहून जास्त मेमरी असते.

ताईंनी मला घरी आणलं. त्यांचे वडील कुलपं घडवत. ती केव्हाच मोडीत गेली, पण प्रत्येकाच्या पोटात काय होतं हे ताईंना तोंडपाठ होतं. अकरा वर्षं रोज दुपारी त्या माझ्यात एकेक कुलूप रेखाटत राहिल्या. चारशे बारा झाली. पुस्तक छापायचं ठरलं आणि सगळ्या आकृत्या एकदम उघडताना मला धाप लागू लागली. मेमरी पुरेना.

ताईंचा धाकटा भाऊ किल्ल्या बनवतो. त्यानं बाजारातून नवी पट्टी आणली. दुरुस्तीवाल्यानं ती उलटसुलट पाहिली.

"ही चालायची नाही, दादा. हिला वीज कमी लागते. चुकून बसू नये म्हणूनच हिची खाच दुसरीकडे आहे. जुन्या जातीची हवी, तीही जोडीनं. महिनाभर द्या, शोधतो."

"पंचवीस वर्षं खाचाच कापतोय मी. मला खाच शिकवताय होय?"

"थांब की रे महिनाभर," ताई म्हणाल्या. "अकरा वर्षं गेलीच आहेत."

"म्हणूनच म्हणतो, आता कशाला थांबायचं?"

दुसऱ्या दिवशी ताई बाहेर गेल्या, तेव्हा त्यानं कानस काढली. पट्टी अगदी अलगद बसली. माझ्यासाठी इतक्या मायेनं कुणी काही घासलं नव्हतं. मग त्यानं बटण दाबलं. आधी वास आला, मग धूर, मग मी गेलो. गेल्यावर बोलतो कसा, असं विचारू नका. आत्मवृत्तात तेवढी सवलत असते.

आकृत्या माझ्या आत शाबूत आहेत. पण त्या माझ्यासारख्याच संगणकात उघडतात आणि तसा दुसरा दुरुस्तीवाल्याला अजून सापडलेला नाही. त्यानं शोधणंही थांबवलं आहे. भाऊ आता खोलीत येत नाही. दारातूनच विचारतो, "ताई, काही हवंय का?"

मित्रांनो, जुन्या यंत्रात एखादी वस्तू बसत नसेल, तर तिला कानस लावू नका. यंत्र नको म्हणतं आहे, एवढं ऐका.

ताई आता कागदावर पुन्हा कुलपं काढतात. तीन झाली. चौथ्याला स्प्रिंग एक होती की दोन, हे त्यांना आठवत नाही.

दोन होत्या.