लटारूभाऊंचे एकच डोके

मित्रांनो, तिपाईवर काळा बुरखा घेतलेला म्हातारा दिसला तर घाबरू नका. तो मीच, वडशाच्या नानाजी फोटोवाल्यांचा जुना कॅमेरा. सागवानी पेटी आणि पुढे एकच डोळा. पोरांना वाटे, माझ्यातून गोळी सुटते. मोठ्यांनाही वाटे, ते फक्त बोलून दाखवत नसत.

छप्पन सालच्या उन्हाळ्यात आम्ही बैलगाडीने मनकर्णेच्या लग्नाला गेलो. तिची आई फोटोविनाच वारलेली. वडील लटारूभाऊ, त्यांची मान सतत हलायची. थोरलीच्या लग्नात बापूजीमामांनी आपल्या डबा-कॅमेऱ्याने फुकट फोटो काढला होता. मांडवात अंधार, म्हणून त्यांनी झडप बराच वेळ उघडी ठेवली. मान हलत राहिली आणि फोटोत लटारूभाऊंना तीन डोकी आली.

"दत्तासारके दिसतेत," मनकर्णेच्या वेळी मामा म्हणाले. "फोटूवाला कायले पाह्यजे?"

"मामा, मले सिरोंच्याले देऊन राह्यले," मनकर्णा म्हणाली. "तेवढ्या दूर मले बाबा पाह्यजे, दत्त नाई."

मांडव जांभळीच्या डहाळ्यांचा, गच्च. लग्न लागेपर्यंत त्याचे पान तोडायचे नाही, आणि हळदीच्या नवरीने उन्हात जायचे नाही. नानाजी बुरख्यात शिरले, बाहेर आले आणि मामांच्या काखेतल्या कोऱ्या धोतराकडे बघत राहिले.

"मामाजी, हे बाहेर उन्हात पसरून धरा. उजेड आत येते."

"आहेराचं हाय नं!"

"मंग नेसलेलं धरता का?"

मामांनी आहेराचे धरले. लटारूभाऊंच्या तोंडावर उजेड पडला, पण मान काही थांबेना. ते ओशाळून उठू लागले. "राहू दे माय. माह्यानं तुहा फोटू खराब होते."

फोटोत नवरीने हात मांडीवर ठेवून ताठ बसायचे, अशी रीत. नानाजी हळूच म्हणाले, "रीत राहू दे बाई. मागून बाबाची मान धर." तिने धरली. माझा डोळा उघडला, मिटला.

डोके एकच आले.

आता माझा घडीचा कातडी भाता उंदरांनी खाल्ला आहे, त्याचे काही नाही. पण मित्रांनो, लग्नात फोटोला जाणता माणूस बोलवा. हौशी मामांना जेवायला बोलवा. आणि जुने फोटो ओलीपासून जपा.

लटारूभाऊ गेल्यावर मनकर्णा वडशाला आली होती. नानाजींना म्हणाली, "सासरचे इचारतेत, फोटूत तुहे बाबा एवढे न हालता कसे बसले?"

"मंग?"

"मी काऊन सांगू?" ती म्हणाली. "तो हात मले एकटीलेच दिसते."